पिठी येते ना, मग उपाशी नाय राहायचीस

हेल्दी खायचं म्हटलं की मोबाईलवर जे काही समोर येतं ना, म्हणजे काचेच्या बरणीतले रात्रभर भिजवलेले ओट्स, अवोकाडो, किन्वा, ग्रीक योगर्ट वगैरे, त्यातलं निम्मं सामान आता रत्नागिरीत पण मिळतं, फक्त किंमत बघून आपण ते गपचूप परत रॅकवर ठेवतो. आणि खरं सांगू का, प्रश्न सामानाचा नसतोच. प्रश्न असतो तो संध्याकाळी साडेसात-आठचा. ऑफिसातून आलोय, पाय दुखतायत, भूक कडकडून लागलीये, आणि किचनमध्ये उभं राहून 'आता काय करू' हा विचार करायचाय. त्या दहा मिनिटांत जे ठरतं ना तेच तुमचं डाएट, बाकी सगळं रविवारचं कौतुक.

मी मूळची बार्शीची. घरी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, आमटी, आणि आजी माळकरी त्यामुळे घरात अंडं पण येत नाही. नोकरी लागली ती थेट समुद्राला, रत्नागिरीत, एका बँकेत. स्वयंपाकाचं म्हणाल तर चहा, पोहे, मॅगी, संपलं. त्यावर आमच्या मावशा-आत्यांनी 'मुलगी असून हिला वरणाला फोडणी देता येत नाही' म्हणून जे ऐकवायचं ते ऐकवलंय, माझा भाऊ पुण्यात कधीपासून मेसवर जेवतोय त्याला कोणी एका शब्दाने विचारलेलं नाही, पण ते जाऊदे, त्यावर लिहायला बसले तर पिठी, म्हणजे इथलं कुळथाचं पिठलं, राहून जाईल.

सुरुवातीला डबा लावला. डबेवाल्या ताईंचं काही चुकत नव्हतं, त्यांना पंचवीस-तीस जणांचं करायचं असतं आणि स्वस्तात करायचं असतं, त्यामुळे भाजी म्हणजे बटाटा नाहीतर बटाटा घालून दुसरं काहीतरी, वर तेलाचा तवंग, वरण असं की डाळ तळाशी शोधावी लागते, आणि भात मात्र ढीगभर. पोट भरायचं आणि दुपारी तीनला काउंटरवर डोळे मिटायला लागायचे. मग हेल्थ चेकअपमध्ये हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दोन गोष्टी सांगितल्या, एक म्हणजे जेवणात डाळी, कडधान्यं, पालेभाज्या वाढवा, आणि दुसरं, जेवल्या जेवल्या चहा पिणं बंद करा कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. दुसरी गोष्ट ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर मग वाचन सुरू झालं, जे माझ्या पिढीचं नेहमीचं, करण्याआधी वाचायचं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणजे एनआयएन आहे ना, त्यांनी २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या सूचना काढल्या, त्यातलं ताट एकदा बघाच. दिवसाला २००० कॅलरीच्या हिशोबात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, धान्य २५० ग्रॅम, आणि डाळी-अंडी-मासे मिळून ८५ ग्रॅम. म्हणजे अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं. माझं ताट बरोबर उलटं होतं. आणि ४०० ग्रॅम भाजी एकट्या माणसाने रोज आणून, निवडून, धुऊन, चिरून, शिजवायची म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. ताटाचं चित्र काढणाऱ्यांच्या घरी भाजी कोण चिरतं हे मला कुणीतरी सांगा.

तर पिठी. खाली घरमालकीण काकू राहतात, त्यांनी एकदा जिन्यात माझ्या हातातली मॅगीची पाकिटं बघितली आणि म्हणाल्या, "काय गो, रोज ह्येच खातेस? पिठी येते ना तुला?" मी म्हटलं पिठलं म्हणजे बेसनाचं ना, तर म्हणाल्या "बेसनाचं कसलं, कुळथाची. पिठी येते ना, मग उपाशी नाय राहायचीस." आणि मला वर पाठवून स्वतः डबा घेऊन मागून आल्याच.

कुळथाची पिठी म्हणजे कुळीथ भाजून, भरडून, सालं पाखडून काढून दळलेलं पीठ. काकू हे सगळं घरी करतात, नवख्या माणसाने बचत गटाच्या स्टॉलवरचं पाकीट आणावं, चांगलं असतं. एका माणसाला दोन मोठे चमचे पिठी घ्यायची आणि आधी वाटीभर गार पाण्यात कालवून ठेवायची, कोरडी थेट उकळत्या पाण्यात टाकलीत तर ज्या गुठळ्या होतात त्या मग काही केल्या फुटत नाहीत. कढईत एक चमचा तेल, मोहरी, हिंग, चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, हिरवी मिरची, हळद, कांदा काकू घालत नाहीत मी घालते, मग दीडेक वाटी पाणी, दोन आमसुलं, मीठ, आणि पाण्याला उकळी आली की कालवलेली पिठी ओतून ढवळत राहायचं. पाच मिनिटं रटरट शिजली की वरून कोथिंबीर आणि थोडंसं खवलेलं खोबरं. शेजारच्या शेगडीवर तोवर कुकरमध्ये मऊभात होतो. एकूण वीस मिनिटं, त्यातली पंधरा मिनिटं तुम्ही कपडे बदलताय, पाणी भरताय, आईशी फोनवर 'हो खातेय' म्हणताय.

आता कुळथात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं हे खरं, लोह पण असतं, पण मी हिशोब केला, दोन चमचे म्हणजे वीसेक ग्रॅम पीठ, त्यात चारेक ग्रॅम प्रोटीन. म्हणजे नुसत्या पिठी-भातावर हिमोग्लोबिन-बिमोग्लोबिन काही वाढत नाही, उगाच पारंपरिक म्हणून डोक्यावर घेऊन नाचायला नको. सोबत उकडलेलं अंडं, नाहीतर दही, नाहीतर दुपारची उरलेली उसळ हवीच. पण पिठीने माझं एक काम केलं, आठ वाजताचा तो प्रश्न मिटवला. काहीच सुचत नसेल तर पिठी, हे ठरलेलं. एकदा असं एक जेवण हाताला बसलं ना की मग बाकीचं शिकायला डोकं मोकळं होतं. मला वाटतं एकटं राहणाऱ्याने पन्नास रेसिपी शिकण्यापेक्षा डोकं बंद असताना पण जमतील अशा तीन शिकाव्यात. माझ्या तीन म्हणजे पिठी, मोडाची उसळ आणि तारलीचं तिखलं, म्हणजे तारली या माशाचं आंबट-तिखट.

उसळीचं फार सांगण्यासारखं नाही, मूग, मटकी, कुळीथ आलटून पालटून, शनिवारी रात्री भिजवायचे, रविवारी बांधून ठेवायचे, मोड आले की डब्यात घालून फ्रिजमध्ये. फक्त इथल्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, फडक्यात जास्त वेळ राहिले तर बुळबुळीत होतात आणि वास मारतात, बार्शीच्या कोरड्या हवेत हा त्रास नव्हता म्हणे, आईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. वाल मात्र मी विकतचे सोललेले आणते. डाळिंब्यांची उसळ म्हणजे काय सुख आहे हे मला इथे येऊन कळलं, पण एकेक वाल सोलत बसायला एकतर घरात चार माणसं हवीत नाहीतर एखादी लांबलचक सीरियल.

मासे. इथे जरा बसून बोलू.

आईला माहितीये मी मासे खाते, आजीला नाही, आजी मोबाईल वापरत नाही ते बरंय. मला माशांचं काहीच माहीत नव्हतं, काटे कसे काढायचे ते सुद्धा ऑफिसमधल्या मैत्रिणीने डब्यातला बांगडा समोर ठेवून शिकवलं. आपल्याकडे घाटावर मासा म्हटलं की पापलेट, सुरमई, हॉटेलात तळलेली, रव्यात घोळवलेली, आणि बिल बघून पोटात गोळा. इथे मिरकरवाडा बंदरावर नाहीतर बाजारात गेलात की कळतं की रोज खायचा मासा वेगळाच असतो. तारली, बांगडा, मांदेली. तारलीचा वाटा घेतला की शंभराच्या नोटेतून पैसे परत येतात. वाटा म्हणजे वजन नाही, पाटीवर ढीग लावलेले असतात, मावशी म्हणते तो भाव, मग तुम्ही म्हणायचं "मावशी वरती दोन टाका", मग ती म्हणते "सकाळपासून भवानी नाय झाली", मग एक टाकते. ह्या दोन वाक्यांशिवाय व्यवहार पूर्ण होत नाही, दोघांनाही चैन पडत नाही.

ताजा मासा कसा ओळखायचा हे मला मावशीनेच शिकवलं, तिच्याच शेजारणीचा माल दाखवून, ते एक वेगळंच. कल्ले उचलून बघायचे, आत लालभडक हवेत, तपकिरी झाले की सोडून द्यायचं. डोळा चकचकीत आणि बाहेर आलेला, आत गेलेला नको. बोटाने दाबलं की खड्डा पडून तसाच राहायला नको. आणि वास समुद्राचा यायला हवा, माशाचा नाही.

तारली, बांगडा हे तेलकट मासे, ओमेगा-३ ज्याच्यासाठी लोक मेडिकलमधून कॅप्सूल आणतात ते ह्यांच्यात भरपूर असतं. महाग माशात जास्त पोषण असतं असं काही नाही हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पण तो मासा तुम्ही बोटभर तेलात तळलात तर मग काय उरलं. म्हणून तिखलं. रुंद पातेल्यात साफ केलेल्या तारल्या, ठेचलेला लसूण, हळद, लाल तिखट, मीठ, चार-पाच आमसुलं, चार-पाच तिरफळं जराशी ठेचून, एक चमचा कच्चं तेल, अर्धी वाटी पाणी. सगळं एकत्र, झाकण, मंद गॅस, दहा मिनिटं. ढवळायचं नाही, मासा मोडतो, पातेलं नुसतं धरून हलवायचं. तिरफळ तोंडात आलं तर चावू नका, जीभ मुंग्या आल्यासारखी बधिर होते, ते फक्त वासासाठी. फोडणी नाही, वाटप नाही, मिक्सर नाही. दुसऱ्या दिवशी अजून छान लागतं, आणि डब्यात नेलंत तर एसी ब्रांचमध्ये थोडी नजरानजर होते पण इथे सगळेच आणतात.

भाताचं मात्र मला जड गेलं. मी भाकरीची बाई. इथे सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. पण उकड्या तांदळाची पेज ही गोष्ट मला आवडली, भात सालीत असतानाच वाफवतात त्यामुळे सालीजवळची बी जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात आणि नंतर पॉलिश केला तरी सगळी जात नाहीत, शिवाय पोटात जास्त वेळ टिकतो असा माझा अनुभव. सकाळी पेज, वर चमचाभर तूप, सोबत आदल्या रात्रीची उसळ, की बारापर्यंत बिस्किटाच्या पुड्याकडे हात जात नाही. रात्री नाचणीची भाकरी. ज्वारीसारखी समजून गार पाण्यात मळाल तर चिरत जाईल, नाचणीला उकळतं पाणीच हवं, उकड काढून झाकून ठेवायची आणि गरम असतानाच मळायची. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत इतकं दुसऱ्या कशात नाही. २०२३ हे भरडधान्य वर्ष होतं ना तेव्हापासून नाचणीची बिस्किटं, नाचणीचे नूडल्स, नाचणीच्या कुकीज असं सगळं निघालंय, पाकीट उलटून घटक वाचा, बरेचदा पहिलं नाव मैद्याचं नाहीतर साखरेचं निघतं आणि नाचणी कुठेतरी मागे अंग चोरून उभी असते.

आता भाजीचं दुःख. इथल्या बाजारातली फ्लॉवर, कोबी, टोमॅटो, मेथी ही सगळी बरीचशी कोल्हापूरकडून आंबा घाटाने ट्रकमधून येते. म्हणजे घाटावरची मुलगी घाटावरचीच भाजी जास्त पैसे देऊन घेते. पावसात घाटात दरड आली की टोमॅटोचा भाव विचारायचा नाही, नुसतं बघायचं. म्हणून मी आता उलटं करते, बाजाराच्या कडेला जमिनीवर बसलेल्या आज्यांकडे जे असेल ते आधी घेते आणि मग काय करायचं ते ठरवते. थंडीत लाल माठ, मुळा, वाली. उन्हाळ्यात कोवळा फणस, पण तो चिरताना त्याचा डीक हाताला चिकटतो म्हणून चिरलेलाच घ्या, नाहीतर हाताला आधी तेल चोळा. पावसाच्या सुरुवातीला टाकळा, नंतर भारंगी. टाकळ्याची अगदी कोवळी पानं, कांदा, मिरची, भिजवलेली मूगडाळ, थोडं खोबरं, झाली भाजी. भारंगी कडू असते, उकडून पाणी पिळून काढावं लागतं. अळूला आमसूल नाहीतर चिंच हवीच हवी, आंबट नसेल तर घसा खाजतो आणि मग रात्रभर आठवण राहते. रानभाजी स्वतः ओळखून उपटून आणायच्या फंदात मात्र मी पडत नाही, जिला ओळखते तिच्याकडूनच घ्यायची.

४०० ग्रॅम होतात का रोज? नाही होत. पण कोशिंबीर, एक पालेभाजी आणि संध्याकाळी पेरू नाहीतर केळं, एवढं धरलं तर जवळपास पोचते. भाजी रात्रीच चिरून डब्यात ठेवते, पोषण थोडं जातं म्हणतात, जाऊदे, न चिरलेली भाजी खाल्लीच जात नाही त्यापेक्षा बरं.

आणि हो, कोकणी जेवण म्हणजे आपोआप हेल्दी असं जे हल्ली व्हिडिओत दाखवतात त्यावर माझा विश्वास नाही. नारळाचं बघा, वाटप, सोलकढी, वरून खोबरं, गोडात परत खोबरं, तो सगळा स्निग्ध पदार्थच आहे, दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला चालेल, दिवसभर खुर्चीत बसणारीला नाही. मी एक नारळ खवून फ्रीजरमध्ये टाकते आणि चिमटी-चिमटीने वापरते, फक्त पावसात इथे लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही त्यामुळे जूननंतर एकावेळी अर्धाच. आगळाचं पण तसंच, कोकमाचा खारवलेला रस तो, त्यात मीठ दाबून असतं, सोलकढीत वरून परत मीठ घातलं की झालं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या खाली मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि इथे एका जेवणात लोणचं, पापड, सांडगी मिरची, खारा बांगडा हे सगळं पानात डावीकडे रांगेत असतं. काकूंना बीपीची गोळी चालू आहे. मी एकदा बोलून बघितलं, तर म्हणाल्या "तू आपली पिठी खा."

तेलाला माझा एकच नियम, एकटीला महिन्याला पाऊण लिटर. पिशवी आणली की बाटलीत तेवढंच ओतून ठेवते, उरलेलं वरच्या फळीवर. दिवसाला वीस-बावीस ग्रॅम पडतं. मोजायला चमचा घेऊन बसायचं नाही, बाटली वीस तारखेला संपली की कळतं की या महिन्यात भजी जास्त झाली.

सध्या आगोट चालू आहे, म्हणजे पाऊस लागायच्या आधीची भरणी, त्यामुळे खाली अंगणात पाय ठेवायला जागा नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, तो माशांचा अंडी घालायचा काळ आणि समुद्र पण खवळलेला, म्हणजे ताजी तारली विसरायची आणि सुक्यावर यायचं. जवळा घ्यायचाय, तो नुसता उन्हात वाळवलेला असतो, खाऱ्या बांगड्याइतकं मीठ त्यात नसतं, कोरडा भाजून कांदा-आमसूल घालून भाकरीबरोबर मस्त होतो. मावशीने सांगितलंय महिनाअखेरीच्या आत ये, नंतर भाव चढतो. आमसुलं काकूंचीच आहेत. ज्वारीचं पीठ बार्शीहून आता मागवायचं नाही, पावसात त्याला बुरशी येते, पीठ करण्यापेक्षा धान्यच थोडं थोडं दळायचं.

आणि कुळीथ. या वेळी काकूंबरोबर मी पण भाजायला बसणार आहे, त्यांची कंबर धरलीये आणि मला पाकिटातल्या पिठीपेक्षा त्यांची खमंग लागते. दळून आणायचं काम माझ्याकडे आहे. गिरणीत जाऊन आधीच सांगून आले, मिरचीच्या मागून नको दळू बाबा, हल्ली सगळ्यांचं तिखट तिथेच चालू आहे. तो म्हणाला मंगळवारी सकाळी लवकर या, नाचणी झाली की लगेच तुमचं टाकतो.